काकाजींची दुसरी नळी

अख्ख्या नागपुरात पाण्यावर अविश्वास ठेवणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे वरच्या खोलीत. कापडगिरणीतून निवृत्त झालेले फिटर. साऱ्या चाळीचे काकाजी. कानावर पेन्सिल आणि बंडीच्या खिशात सायकलच्या ट्यूबचा तुकडा, कारण गळती कुठं भेटेल याचा नेम नाही. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी ते वाकून पिंपाची तोटी तपासत. सीताबर्डीवरच्या एका हॉटेलात पोऱ्यानं काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला, तर हे गरजले, "काहून गा, वरचं पाणी जाईन कुठं?"

त्यांच्या खोलीत खाट नव्हती. त्या जागी माशांची टाकी होती. मे महिन्यात नागपुरात माणसं उकडतात, तिथं माशांचं काय! म्हणून फळीवर एक पिंप. पहाटे नळ आला की ते भरायचं, मग दिवसभर थेंबथेंब गार पाणी टाकीत. जास्तीचं पाणी टाकीतल्या उभ्या नळीच्या तोंडातून खाली उतरायचं, भिंतीतून थेट अंगणातल्या टाक्यात, आणि त्यावर चाळीची भांडी निघायची. एक थेंब वाया नाही. मी त्या वेळी चाळीत दुसरा नळ मिळावा म्हणून पत्रकं काढत होतो. मला ही व्यवस्था पूर्ण मान्य होती.

पण नळीत मासा जाईल या धास्तीनं काकाजींनी तिच्या तोंडाला जुन्या धोतराची चिंधी बांधली. चिंधीवर शेवाळ धरलं, नळी तुंबली, टाकी ओसंडली आणि सगळं पाणी जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून माझ्या खाटेवरच्या पत्रकांच्या नव्याकोऱ्या गठ्ठ्यावर. पत्रकाचा मथळा होता, 'आम्हाला पाणी द्या!' मी लगदा हातात घेऊन तणतणत वर गेलो. काकाजींनी चष्मा पुसून मथळा वाचला आणि म्हणाले, "मागणी मंजूर झाली नं गा तुही!"

घरमालकाला मात्र हसू आलं नाही. आठ दिवसांत टाकी काढा, नाहीतर खोली खाली करा, असा त्याचा हुकूम आला. माझं डोकंच फिरलं. अकरा बिऱ्हाडांना एक नळ देणारा, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराकडे मान वर करून न पाहणारा हा माणूस, त्याला आता ओल दिसली! मी लगेच कागद ओढला. काकाजींनी तो काढून घेतला. "पत्रक ठेव बाजूले. मले दुसरी नळी बसवू दे."

"दुसरी कशाला? पहिलीची चिंधी काढा की."

"काढलीच. तिच्या तोंडाले कानशीनं दाते पाडून राहिलो, मासा अडते, पाणी जाते. पण जे नळी काम करते ते कधी ना कधी तुंबतेच. म्हणून दुसरी. बोटभर उंच. तिले काहीच काम नाही, तिनं फक्त तयार राहाचं."

दुसऱ्या नळीची वाटही त्यांनी वेगळी काढली. पहिलीशी कुठं सांधा नाही.

आठव्या दिवशी मालक आला आणि भर उन्हाळ्यात माझ्या खोलीत छत्री उघडून उभा राहिला. सारी चाळ जिन्यावर. वर काकाजींनी खांद्यावरचा दुपट्टा पिळून पहिल्या नळीत कोंबला, स्वतःच्या हातानं, आणि पिंपाची तोटी पुरी सोडली. पाणी चढू लागलं. पहिली नळी बुडाली. मी टाकीशी वाकून काठापर्यंतचं अंतर बोटांनी मोजत होतो. काठ दोन बोटं राहिला आणि दुसरी नळी 'घुळ्ळ' करून बोलली. अंगणात कोरड्या तोंडातून धार पडली.

"झालं?" मालकानं खालून विचारलं.

"कुठं झालं? पिंप रिकामं होऊ द्या. मी दुपट्टा काढून नाही राहिलो, तुम्ही छत्री मिटू नका!"

मालक तासभर उभा होता. छत्रीवर थेंब पडला नाही. टाकी राहिली.

काकाजी गेले त्याला आता तीन वर्षं होतील. वरच्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं, टाकीच्या जागी खाट आली. मालकानं गवंडी पाठवून भिंतीतल्या दोन्ही नळ्या कापायला सांगितल्या. पहिली कापू दिली. दुसरीपुढं मी उभा राहिलो.

"काहून साहेब? हिच्यातून तं काहीच येत नाही," गवंडी म्हणाला.

मी त्याची छिन्नी उचलून त्याच्या पिशवीत ठेवली. नळी राहिली. पहाटे नळाशी बादली लावली की नजर तिच्या तोंडाकडे जातेच. कोरडं असतं. तरी बादली भरेपर्यंत मी पाहत राहतो.