हॅगल, वरळी कोळीवाडा

परबबाई इंग्रजी शब्दाचा अर्थ कधीच सांगायच्या नाहीत. डिलाईल रोडवरच्या आमच्या मराठी शाळेत, नववीच्या वर्गात, त्या बिस्किटांचा जुना डबा घेऊन यायच्या. डब्यात शब्दांच्या चिठ्ठ्या. जो शब्द हाताला लागेल त्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ सोमवारी आणायचा. घरी मोबाइल नसेल त्याला बाई स्वतःचा, काच तडकलेला, मोबाइल द्यायच्या. अट एकच: "शब्द जिथं राहतो तिथं जाऊन शूट करायचा. भाड्याचे शब्द मला चालत नाहीत."

मला 'हॅगल' आला, म्हणजे घासाघीस. माझी आई वरळी कोळीवाड्यात मासे विकते, म्हणजे शब्द आमच्या दारातच बसलेला. पण मला लाज वाटली. मी मैत्रिणीच्या टॉवरमधल्या हॉलमध्ये पर्स विकण्याचं नाटक शूट केलं. बाईंनी ते अर्ध्यावर थांबवलं.

"आई काय करते तुझी?"

मी मान खाली घातली. "मासे विकते."

"मान वर कर आधी. तिच्या धंद्यावर शिकतेस ना? जा, तिचा व्हिडिओ आण."

आणला. त्यात आई गिऱ्हाइकाला सुनावत होती, "ताई, एकदा होडीतून जाऊन या, मग भाव करा." वर्गाने टाळ्या पिटल्या. आईला इतकी वर्षं लपवल्याचं मला फार वाईट वाटलं.

स्नेहसंमेलनात व्हिडिओ दाखवायचे ठरले. मुख्याध्यापक म्हणाले, "पाहुणे येणार आहेत बाई. तो मासळीबाजार तेवढा गाळा."

"मग मलाच गाळा, सर. इंग्रजीला ह्या पोरांच्या घरात यायचं तर चपला बाहेर काढून यावं लागेल."

संमेलनाच्या दिवशी आई धंदा लवकर आवरून, ठेवणीतली साडी नेसून, पहिल्यांदाच शाळेत आली. माझा व्हिडिओ सुरू झाला आणि मुख्याध्यापकांनी खूण करून प्रोजेक्टर बंद करवला. आई कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली. मला रडू फुटलं.

बाई तडक स्टेजवर चढल्या. "पडदा बंद झाला, बाजार चालू आहे. वहिनी, या वर." पाहुण्यांसमोरचा पुष्पगुच्छ उचलून त्यांनी आईच्या हातात दिला. "विका हा."

आई क्षणभर बावरली. मग पदर खोचून थेट पाहुण्यांकडे वळली. "साहेब, पाचशे. एकदम ताजा हाय."

पाहुणे हसले. "दोनशे."

"दोनशेत देठ पण नाय येत!"

पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मुख्याध्यापक मात्र हसले नाहीत.

जूनमध्ये बाईंची नववी-दहावी काढून त्यांना पाचवी दिली. मी तणतणत स्टाफरूममध्ये गेले, तर त्या डब्यासाठी चिठ्ठ्या कापत बसलेल्या. "चिडतेस काय गो? नववीत फार उशीर होत होता. आता पाचवीपासूनच धरते एकेकाला."

गेल्या वर्षी बाई गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी आईजवळच बसले होते. आईने कोयता बाजूला ठेवला. समोरचं गिऱ्हाईक पापलेटाचा भाव पाडत होतं.

"आज हॅगल नाय हां, ताई," आई म्हणाली. "आमच्या बाई गेल्या."