सोडून दिलं, पण नाव राहिलं

बाळ महिन्याचंही नव्हतं तेव्हाची गोष्ट. सासूबाई माझ्या बाळंतपणाला गावाहून इथे फरीदाबादला आल्या होत्या, येताना दशमूलारिष्टाच्या बाटल्या घेऊन, बाळंतिणीला ते देतातच ना आपल्याकडे. आमचे हे तेव्हा दुसऱ्याची टॅक्सी चालवायचे. त्या दिवशी यांचं अंग मोडून आलं होतं, तर आईंनी निघताना अर्धी वाटी यांनाच दिली.

"अगं आई, हे बायकांचं औषध!"

"गप पी. ताकदीला बाई-पुरुष नसतो."

हे हसत गेले आणि पुढच्याच चौकात पोलिसांनी थांबवलं, मशीनमध्ये फुंक मारायला लावली, मशीन वाजलं, आणि यांना थाण्यात नेलं. फोन आला तेव्हा मी बाळाला पाजत होते, तशीच उठून उभी राहिले आणि पिणं सुटून बाळ रडायलाच लागलं. ज्या माणसाने कधी बिअर चाखली नाही, यार!

मग हॉस्पिटलात नेऊन रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही, केस केली नाही, जा म्हणाले. पण तोवर फोटो काढून झाला होता, बोटांचे ठसे घेऊन झाले होते. आईंनी दारातच यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मला वाटलं, चलो, संपलं.

पुढे यांना शाळेच्या बसवर नोकरी मिळत होती. पक्की नोकरी, संध्याकाळी घरी. यांनी टॅक्सी सोडून दिली. फक्त पोलीस व्हेरिफिकेशन राहिलं होतं, आणि त्यातच ते थाण्यात नेल्याचं वर आलं. बसचा ठेकेदार म्हणाला, थाण्यातून साफ करून आणा.

आम्ही सगळेच गेलो, बाळाला घेऊन. तिथे आईंनी पिशवीतून बाटलीच काढली आणि नोंदी लिहिणाऱ्या मुन्शीच्या टेबलावर ठेवली. मला काही सांगितलंही नव्हतं.

"साहेब, ये दारू नहीं, बाळंतीण का दवाई है. मैंनेच पिलाया."

मुन्शीने बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. "माताजी, इसमें तो अल्कोहल लिखा है."

मागचा शिपाई हसला, "अच्छा, तो पार्टी माताजी ने दी थी!"

आईंनी बाटली झटकन पिशवीत टाकली, चोरीची असल्यासारखी. हे खालीच बघत होते. आता नव्याने केस करतात की काय, मी बाळाला नुसतं आवळून धरलं.

मुन्शी माणूस वाईट नव्हता. म्हणाला, जो रिकॉर्ड में चढ़ गया वो मिटता नहीं, इतना लिख देता हूँ कि केस नहीं बना. लिहून दिलं. ठेकेदाराने ते वाचलं आणि परत यांच्या हातात दिलं.

"केस नहीं बना, ठीक है भाई. पर पकड़े तो गए थे ना? बच्चों की बस है."

माझं बाळ त्या बसमध्ये बसणार असतं तर मीपण हेच विचारलं असतं.

टॅक्सीवाल्यानेही तोवर दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. आता हे कारखान्यात माल चढवतात. आई गावी गेल्या, फोनवर औषध घेतेस का म्हणून विचारत नाहीत. आणि हे रोज कामाला निघताना तोंड माझ्याजवळ आणतात, "बघ गं, वास येतो का?" गाडी तर चालवायची नसते, तरीपण. मी वास घेते आणि सांगते, नाही येत, जा तुम्ही.