दोन लाख ऐंशी हजार चारशे सात

सलग सहा रविवार मी जुन्या गाड्या बघत हिंडलो. टॉवेलचे गठ्ठे बाजाराच्या गावी न्यायला मला मागं लांब, मोकळी जागा असलेली स्टेशन वॅगन हवी होती. ज्या त्या गाडीच्या सीटा फाटलेल्या, आणि मीटरवर मात्र पन्नास हजार किलोमीटर! तेच खोटं ऐकून ऐकून मी पार वैतागलो होतो.

म्हणून माढ्याजवळच्या एका शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या माणसाच्या गाडीत दोन लाख ऐंशी हजार चारशे सात हा आकडा दिसला, तेव्हा मला त्याचा आदरच वाटला. मीटर मागं फिरवायचाच असता, तर एवढ्यावर कोण थांबलं असतं? आणखी एक रविवार घालवायचं त्राण माझ्यात नव्हतं. काही न विचारता मी गाडी घेतली. त्याच्या बायकोनं बॉनेटला हळदीकुंकू लावलं, टायरखाली लिंबू ठेवलं आणि दावणीची गाय विकल्यासारखे डोळे पुसले.

सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो, तेव्हा माझं लक्ष मीटरकडे गेलं. चारशे सातच. माढ्यापासून एक किलोमीटरही वाढला नव्हता.

गाडी कडेला घेऊन मी चिडून त्याला फोन लावला. "मीटर बंद आहे का हो?"

"व्हय की," तो शांतपणे म्हणाला. "लेकीच्या लग्नात बंद पडला. तुमी इचारलंच न्हाय."

"लग्न कधी झालं?"

"लई दिस झालं. तिची पोरगी आता पाचवीला हाय."