विहीणबाईंचा बिगोनिया

बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या विमलाक्कांची गच्ची बघून कुणी विचारलं, "एवढी झाडं विकत आणलीत?" की अक्का दुखावतात. विकत? त्या गच्चीवरची एक कुंडी जरी सरळ मार्गानं आली असेल तर शपथ! मागून आणलेली फांदी कुजते आणि ढापलेली फोफावते, हा अक्कांचा धर्म. बारसं सोडलं नाही, लग्न सोडलं नाही. एकदा तर सांत्वनाला गेल्या, तेव्हा पदराचं एक टोक डोळ्यांना होतं आणि दुसऱ्यात कोलियसची काडी.

यंदा त्यांच्या वरच्या खोलीत इंगा नावाची डच बाई राहायला आली. इथं कुठल्याशा संस्थेत तिचं काही महिन्यांचं काम. परमुलखात माणसं देवळं बघतात, साड्या बघतात. हिला वेड बागांचं आणि नर्सऱ्यांचं. रविवार उजाडला की फोनवर नकाशा उघडून दारात उभी. "अक्का, आज कुठं?"

लालबाग झालं, होसकोटेच्या वाटेवरच्या नर्सऱ्या झाल्या. रिक्षावाल्याशी भांडणं अक्कांकडे, पोरीला वळण लावणंही अक्कांकडेच. "झाडवाल्याची पाठ फिरली की स्वल्प खुडायचं. आमच्याकडे असंच असतं." इंगानं मान डोलावली. परक्या देशाचे रीतिरिवाज ती फार मनावर घ्यायची.

"आता लोकांच्या घरच्या बागा दाखवा," ती एकदा म्हणाली आणि अक्कांच्या डोळ्यांपुढं जे. पी. नगर चमकलं.

तिथं त्यांच्या लेकीचं, सौम्याचं सासर. सासूबाई सत्यवतीबाई यांच्याकडे एक बिगोनिया आहे. पानांवर चांदीची नक्षी आणि पाठ डाळिंबासारखी लाल. एक पान मातीत खोचलं की नवं झाड. सत्यवतीबाईंनी बिचाऱ्यांनी आपणहून पानं दिली होती, एकदा सोडून अनेकदा. सगळी कुजली. कुजणारच, दिलेली ना! आणि ढापायची म्हटलं तर मुलीचं सासर. सापडल्या असत्या तर सौम्याला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. त्या पानापायी अक्कांनी किती दिवस आवंढे गिळले होते! आता मात्र पाहुणी विहीणबाईंना बोलण्यात गुंतवणार होती. देवच पावला!

गच्चीवर पाहुणीचं कोडकौतुक झालं, चकल्या झाल्या. सत्यवतीबाई इंगाला शेवंती दाखवत होत्या. अक्का हळूहळू बिगोनियाकडे सरकत होत्या. सत्यवतीबाईंचं तोंड मात्र काही केल्या तिकडून हलेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी इंगालाच अक्कांची दया आली. तिनं अतिशय नम्रपणे विचारलं, "बाई, तुम्ही पाठ कधी फिरवता? अक्का केव्हाच्या थांबल्यात."

अक्कांना वाटलं, गच्चीवरून थेट खाली उडी घ्यावी.

"कशाला थांबल्यात?" सत्यवतीबाईंनी विचारलं. इंगानं सगळा रिवाज उत्साहानं सांगितला.

"म्हणजे विहीणबाई, मी दिलेली पानं?"

"कुजली हो," अक्का पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या.

"आणि फोनवर मला सांगत होतात, मस्त फुटलंय म्हणून!"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलेली. मग काय सांगू?"

सत्यवतीबाई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की चकलीचा ठसका लागला. "आता आख्खी कुंडीच न्या!"

"अय्यो, नको!" अक्का किंचाळल्याच. "देऊ नका म्हणते ना! मरेल ती!"

इंगानं भुवया वर केल्या. "पण आता यांना माहीत आहे. यांची हरकतही नाही. मग ती चोरी कशी होईल?"

अक्कांचा चेहरा पडला. इतकी वर्षं धर्म पाळला, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. विहीणबाई समजूतदार निघाल्या आणि बिगोनिया हातचा गेला! डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

सत्यवतीबाईंनी तो चेहरा पाहिला. मग पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडेही दचकतील अशा आवाजात म्हणाल्या, "सरी, ठीक आहे! ऐका विमलाक्का, माझ्या झाडाला हात तर लावून बघा! एक पान मिळायचं नाही. मुलीची आई म्हणून गय करणार नाही, सांगून ठेवते!"

आणि पाठ फिरवून कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. खांदे तेवढे गदगदत होते.

खुट्.

"झालं का हो?" त्यांनी न वळताच विचारलं.

"काय झालं?" अक्का पर्सची चेन ओढत म्हणाल्या. "मी तर शेवंती बघत्येय."