गुन्नारची आयाळ, सईची वेणी

आज सकाळी गुन्नार गेला. मी सात वर्षं त्याच्यावर जळत होते.

गुन्नार म्हणजे घोडा. नॉर्वेच्या जुन्या फ्योर्ड जातीचा पोनी. आमच्या क्वेकर्स हिल या उपनगरापासून तासाभरावरच्या एका फार्मवर असायचा. माझी लेक सई दहा वर्षांची असल्यापासून दर शनिवारी त्याच्याकडे.

बदामी अंग, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ. आयाळ मधे काळी, दोन्ही कडांना पांढरी. ती ताठ उभी राहावी म्हणून कापतात, पांढरं जरा खाली, काळं जरा वर. सई त्यात तासभर घालवायची.

आणि स्वतःच्या केसांना मला हात लावू द्यायची नाही!

“आई, प्लीज, नो ऑइल. इट्स सो एम्बॅरेसिंग.”

तेलाची वाटी घेऊन मी तशीच उभी.

स्वभावाने गुन्नार महाशांत. कुत्रा भुंको, ट्रक जावो, ढिम्म. सई रडली की मान खाली घालून तिच्याजवळ थांबायचा. माझ्यासमोर ती रडायचीच नाही. माझा नुसता जळफळाट.

एका संक्रांतीला म्हटलं, चला, मिटवून टाकू. त्याला तिळगुळाचा लाडू दिला. एका घासात गट्टम.

सई किंचाळली, “आई, आर यू सीरियस? ही कान्ट हॅव शुगर!”

थंड मुलखातली जात, थोड्याशा गवतावरही लठ्ठ होणारी. गोड जास्त झालं तर खुरं सुजून पायच आखडतात म्हणे. त्याला काही झालं नाही. मला मात्र सईने महिनाभर फार्मबंदी केली.

एकोणतीस वर्षांचा होता. पाय पार थकले होते. आज त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायला व्हेट यायच्या आधी सईने त्याची आयाळ शेवटची कापली. मी लांब गाडीपाशी उभी. तेव्हाही जळतच होते, खोटं कशाला बोलू?

घरी आल्यावर ती आतून तेलाची बाटली घेऊन आली आणि माझ्यापुढे जमिनीवर बसली.

“आई, वेणी घाल ना.”

सतरा वर्षांची लेक. केसांना त्याचाच वास येत होता. एरवी मी नाक मुरडलं असतं.

हळूहळू विंचरत राहिले. ती रडली. माझ्यासमोर, पोटभर.

जा गुन्नार, निवांत जा. माझ्या पोरीला सांभाळलंस.

आजपासून तुझ्यावर जळणं बंद. जमेल तसं.