आवाज बंद केलेला कॅमेरा

खिशात मावणारा चांगला कॅमेरा घेतला तो रोजचं जगणं टिपायला, आणि कित्येक महिने मी त्यात घरातल्या कुंड्याच टिपत बसले. अनोळखी माणसावर तो रोखायची भीती वाटायची. शेवटी दोन दिवस सुट्टी काढून नाशिकहून जव्हारची एसटी धरली. त्र्यंबकच्या पुढे खिडकी सोडू नका. मोखाड्यानंतर मात्र रस्ता बराच उखडलाय, पोट हलकं ठेवा.

जव्हारला स्टँडजवळ साधी खोली मिळाली. राजवाडा सगळेच बघतात, म्हणून मी जामसरकडे गेले. भातकापणी चालू होती. मी शटरचा आवाज बंद केला, मागची स्क्रीन वर वळवली, कॅमेरा कमरेशी धरला आणि बांधावरून फोटो काढत राहिले. कोणाला कळलं नाही. माझी चौथीपर्यंतची शाळा घरीच झाली, आई हीच बाई. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा तिचा पहिला धडा. इथे मी हात कशालाच लावत नव्हते, असं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी खोडाळ्याचा बाजार केला. नागलीची भाकरी आणि सुकटीची चटणी जरूर खा. परतीला मोखाड्याची जीप. सुट्टे पैसे ठेवा, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही हेही ध्यानात ठेवा. शेजारी संगीता नावाची बाई चादरीत गुंडाळलेल्या वडिलांना धरून बसली होती. मोखाड्याच्या दवाखान्यात चालले होते. तिथून बहुतेक नाशिकला पाठवतील, म्हणाली. माझ्या हातातला कॅमेरा तिने पाहिला.

"ताई, बाचा एक काढा ना. घरात एक पण नाय. मोबाइल धरला का पळतो."

"आज पळता येत नाय, म्हणून धरलाय मला," म्हातारा म्हणाला.

त्याने चादर बाजूला केली, टोपी नीट बसवली, छाती भरून श्वास घेतला आणि रोखून धरला. मी बटण दाबलं. झाला, म्हणाले. पण जीपवाल्याच्या हाकाऱ्यात ते त्याला ऐकूच गेलं नाही. तो तसाच ताठ बसून राहिला, आणि मग खोकल्याची उबळ आली. थांबेचना. संगीता त्याची पाठ चोळत राहिली.

"आवाज नाय आला, ताई."

"मुकं हाय काय तुझं यंत्र?" त्याने धापा टाकत विचारलं.

मी फोटो दाखवायला लागले, त्याने पाहिला नाही. मग मी आवाज चालू केला आणि परत काढला. टक्. त्याने सुस्कारा सोडला. "हां. आता निघाला." उतरताना संगीताने माझा नंबर घेतला.

घरी येऊन आठवडाभरात संगीताचा फोन आला. बा गेला होता, नाशिकलाच. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मी दोन्ही पाठवले आणि पहिलाच घ्या म्हटलं: त्यात तो ताठ आहे, नजर थेट समोर. दुसऱ्यात टोपी कलंडलेली, डोळ्यांत खोकल्याचं पाणी.

"पयला नको," ती म्हणाली. "तो त्याला न कळता काढला. आवाज आला तो द्या."

दुसऱ्या फोटोची मोठी प्रत काढून नाशिकहून खोडाळ्याला जाणाऱ्या जीपवाल्याकडे दिली. पोचली.

जामसरला गेले होते हे कळल्यापासून तिथले फोटो मागणारे बरेच मेसेज आलेत. फोटो खरंच चांगले आलेत: तिरपं ऊन, पिवळं भात, वाकलेल्या सात-आठ बायका. इथे ब्लॉगवर लावत नाही. त्यांतली एकही वर बघत नाहीये.