एका रांगेतलं गाव

पूर्वेकडून वारा सुटला की इंग्लंडच्या वायव्येला दूर समुद्रात असलेल्या सेंट किल्डा बेटावर उतरणं अवघड होतं. लाटा थेट खाडीत शिरतात आणि छोटी रबरी होडी धक्क्याला लागत नाही. मग प्रवासी बोटीच्या डेकवरूनच बेट बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. ओबन बंदरातून निघतानाच कप्तानानं बबनराव कांबळ्यांना हे सांगून ठेवलं होतं. २००६च्या जूनमधली ती सकाळ नेमकी तशी निघाली. डझनभर प्रवाशांची बोट खाडीत नांगर टाकून डुलत होती आणि कप्तान कॉफीचा मग धरून लाटांकडे बघत होता.

बाकीच्यांची फारशी तक्रार नव्हती. गॅनेट पक्ष्यांनी पांढराफटक झालेला सुळका त्यांनी येताना जवळून पाहिला होता. पफिन पक्षी तर बोटीच्या पुढ्यातून उडाले होते. बबनरावांची मुलगी धम्मशीला फोटो काढून दमली. बबनरावांची दुर्बीण मात्र किनाऱ्यावरून हलली नव्हती. ते पक्ष्यांसाठी आलेच नव्हते. ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून हयात काढलेल्या या माणसानं निवृत्तीनंतर एकच हट्ट धरला होता, हे रिकामं गाव बघायचा. १९३० साली इथल्या उरल्यासुरल्या माणसांनी सरकारला विनंती करून बेट सोडलं. घरं मागे राहिली.

बबनरावांचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. तेव्हा ते मुंबईला मामाकडे राहून काम शिकत होते. घर हलवायला त्यांचं जाणं झालं नाही आणि पुढे ते इंग्लंडला आले. पाणी फार उतरलं की देवळाचा कळस दिसतो, असं अधूनमधून कुणी कळवायचं. त्यांच्या घराबद्दल कुणी कळवत नसे. ते गावकुसाबाहेर, ओढ्यापलीकडे, सखल जागी होतं. सगळ्यांत आधी तेच बुडालं.

धम्मशीलाला हे सगळं ठाऊक होतं आणि म्हणूनच वडिलांची ही ओढ तिला कळत नसे. ब्रिस्टलात जन्मलेली, व्यवसायानं वकील, दर एप्रिलला कम्युनिटी हॉलमध्ये जयंतीचं भाषण करणारी. लोक सुट्टीत ऊन शोधतात, माझे बाबा पडकी घरं शोधतात, असं ती मैत्रिणींना सांगत असे. डेकवर तिनं पुन्हा विषय काढला.

"बाबा, तुम्हाला विहिरीला हात लावू देत नव्हते. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून आजी तासन्‌तास उभी राहायची. सीरियसली, त्या गावातलं काय मिस करता तुम्ही?"

"आता सगळ्या विहिरी एकाच पाण्यात आहेत."

"हे उत्तर नाही झालं."

"नाहीच," बबनराव म्हणाले.

दुपारच्या सुमाराला वारा जरा पडला. कप्तानानं कॉफीचा मग खाली ठेवला आणि होडी सोडायला सांगितली. भोंगा वाजला की असाल तिथून परत फिरायचं, एवढी त्याची अट होती. गुडघे दुखत असूनही बबनराव पहिल्या फेरीत उतरले.

किनाऱ्यावर बेटाची वॉर्डन उभी होती. भिंतींवर चढू नका, घरट्यांजवळ जाऊ नका, एवढं तिनं बजावलं. समोर घरांची एकच रांग होती, डोंगराच्या पायथ्याशी किंचित वळलेली. काहींवर छप्पर होतं, बाकीच्यांच्या नुसत्या दगडी भिंती. सगळे पहिल्या घराशी थबकले. बबनराव थांबले नाहीत. ते रांगेपुढून झपाझपा चालत गेले, शेवटचं घर मागे टाकलं, पाण्याचा एक ओहोळ ओलांडला आणि ओल्या गवतात वाकून दगड शोधू लागले. तिथे काळ्या-तपकिरी मेंढ्या चरत होत्या. तेवढ्यात घारीएवढा एक तपकिरी पक्षी त्यांच्या डोक्यावर झेपावला. तो स्कुआ होता. जवळच त्याची पिल्लं असणार. बबनरावांनी हात डोक्यावर धरला, पण जागा सोडली नाही.

वॉर्डन धावत आली. तिकडे बघण्यासारखं काही नाही, माणसं सगळी या रांगेतच राहायची, असं तिनं सांगितलं.

"मग बाकीचे कुठे राहायचे?" बबनरावांनी विचारलं.

"बाकीचे कोण?"

बबनराव पुन्हा गवतात वाकले. मागून आलेल्या धम्मशीलाला ते काय शोधत होते ते उमगलं. तिनं त्यांचा दंड धरला.

"बाबा, इथे गावाबाहेर असं काही नाहीये."

तिनं त्यांना रांगेच्या मध्यावर आणलं. एका बिनछपराच्या घरात ते उंबरा ओलांडून गेले आणि चुलीच्या जागेपाशी एका दगडावर बसले. दारातून थेट समुद्र दिसत होता. दोन्ही बाजूंना शेजार होता. मग भोंगा वाजला.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"चांगलं आहे घर," ते उठत म्हणाले. "आपलं नाही."

होडी धक्क्यापासून सुटली तेव्हा सगळे त्या रांगेचे फोटो काढत होते. बबनरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि ओहोळापलीकडच्या ओल्या गवतावर धरली. तिथे मेंढ्या चरत होत्या. बोट वळेपर्यंत त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही.